नंबर पाठ आहे का

कोगनोळीहून कागलला कामाला जाताना
दूधगंगेच्या आसपास कुठंतरी
खिशातला फोन थरथरतो:
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.
संध्याकाळी परतताना पुन्हा थरथरतो,
या वेळी कन्नडमध्ये. तो मेसेज तेजल वाचून दाखवते.
मी इथंच जन्मलो, तरी 'कोडरी' आणि 'साक'
एवढंच नीट येतं मला.
द्या, आणि पुरे.

तेजल यंदा आठवीला, निपाणीच्या हायस्कुलात.
वर्गातल्या एकवीस पोरींकडं फोन आहेत.
हे तिनं जेवताना सांगितलं. मागितलं काही नाही.
फक्त आकडा,
आणि आमटीसाठी वाटी पुढं केली.

बायको म्हणते, दहावीनंतर.
मेव्हणा म्हणतो, कॉलेजात गेल्यावर,
आणि त्याचं चौथीतलं पोर
फोन समोर धरल्याशिवाय घास गिळत नाही.
कारखान्यात डबा खाताना शिराज मुल्ला म्हणाला,
वय बघू नये,
वस्तू हरवल्यावर पोर काय करतंय ते बघावं.
घरी येऊन मी मोजलं:
दोन छत्र्या, एक कंपासपेटी, एक डावी चप्पल.
चप्पल कशी गेली ते मात्र
तिनं न विचारता सांगितलं होतं.

कपाटात माझा जुना फोन आहे,
कोपऱ्यात तडा, बॅटरी दुपारपर्यंत.
सायकल दिली तेव्हा मी मागून धरून
पाण्याच्या टाकीपर्यंत पळालो होतो.
याला मागून कुठं धरायचं?

मंगळवारी चारची बस आलीच नाही.
आमचे फोन गेटवर जाळीच्या पेटीत राहतात,
माझा सत्तेचाळीस नंबरच्या खणात.
सुटल्यावर बघतो, तीन मिस्ड कॉल, अनोळखी नंबर.
लोनवाले असतील म्हणून पुसून टाकले.

घरी पोचलो तर ती नाही.
बायको भाकरी थापत म्हणाली,
"येतीय. कळवलंय तिनं.
तुम्हालाच आधी लावला होता की."

सातला आली. सौंदलग्यापर्यंत एक बस,
तिथून दुसरी. हातात शून्य रुपयांची दोन तिकिटं.
स्टँडवरच्या कंट्रोलरला कन्नडात विचारलं,
मेडिकलमधल्या अक्कांकडून फोन मागून घेतला.
"नंबर कुठं लिहून ठेवलेलास?"
"लिहून कशाला? पाठ आहे."
माझा म्हणून दाखवला, आईचा,
शाळेचा, गडहिंग्लजच्या मामाचा.
मग भाकरी चावत चावत
माझाच पुन्हा, कन्नडात:
ओंबत्त, एंट, आर...
माझा नंबर मला असा
पहिल्यांदाच ऐकू आला.

मी उगाच हात धुवायला उठलो.
बायकोचा नंबर मला येत नाही.
चौदा वर्षं तो 'घर' या नावाखाली आहे.

रात्री जुना फोन चार्जिंगला लावला.
कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही.
सकाळी बघतो तर वायर गुंडाळून,
रबर लावून ठेवलेली.
आमच्या घरात रबर लावणारं
एकच माणूस आहे.

"येतो," म्हणाली ती दारातून,
इथल्या सगळ्या बायका म्हणतात तशी.
पुण्याची मावशी हसते याला, पोरगा आहेस का म्हणून.
हसू दे. जाते म्हणण्यापेक्षा
येतो म्हणणारी बरी.

शनिवारी सिम आणीन म्हणतो.
कार्ड माझ्याच नावावर निघेल,
कागदावर तरी मी असेन तिच्या पाठीमागं.
बायकोला अजून बोललो नाही.

पुलावर गाडी जरा हळू केली.
अठ्ठ्याण्णव, मग चव्वेचाळीस,
मग...
खिशात स्वागत थरथरलं.
बघितलं नाही.
पहिल्यापासून पुन्हा:
अठ्ठ्याण्णव, चव्वेचाळीस.