तुला

"आई, मी आलो," दारातूनच म्हणाली सन्मती.
सहा वर्षं बर्फात काढून
पोरगी अजून आलो-गेलोच करते,
एवढ्यानं माझा जीव निम्मा भांड्यात पडला.
उरलेला निम्मा, बॅग उघडली तेव्हा.
स्वेटरांच्या आत, तोटीला लोकरीचा मोजा घालून
पितळेचा
बंब.

"बंब न्हवं गं. सामोवार. चहाचं भांडं."
मधे नळी, नळीत निखारे, भोवतीनं पाणी,
खाली राखेची जाळी, पुढं तोटी,
मग बंब नाही तर काय?
बाहुलीला न्हाऊ घालायचा बंब.
"कुठला म्हणायचा?"
"तुला."
"मला कशाला? माझा चहा पातेल्यात होतो."
ती हसून हसून खाटेवरच बसली.
तुला हे गावाचं नाव. तिकडं रशियात.
तिथं म्हणे गल्लोगल्ली हेच ठोकत बसायचे एके काळी.

तोटी गळत होती.
तांबट कमानीजवळ दिगूअण्णा रेळेकरांकडं नेला.
अण्णांनी उलटा केला, नखानं वाजवला,
आत एक डोळा घालून बघितलं.
"कल्हई आहे की आतनं! म्हणजे माणसं शहाणी आहेत."
भाता चालू झाला. नवसागराचा धूर
नाकातून थेट डोक्यात.

मग मला राहवलं नाही.
"अण्णा, आमचा बंब तुम्हीच मोडीत घेतला होता,
हिच्या पहिल्या फीच्या वेळी.
साडेअकरा किलो भरला.
झाकणावर सासऱ्यांचं नाव होतं."
अण्णांनी मान वर केली नाही.
"वहिनी, ह्या तागडीत
अख्ख्या पेठेच्या अंघोळी मोजल्यात मी.
नावं कुणाकुणाची ध्यानात ठेवू?"

सन्मती बोलत सुटली. गप्प बसणं तिला तिकडं कुणी शिकवलं नाही.
तिकडच्या रेल्वेत चहा काचेच्या पेल्यात,
पेल्याला धातूचं नक्षीदार कडं.
"हुपरीला सांग, घुंगरं लावून देतील," अण्णा.
वाळवंटात कुठं हातभर उंचावरून धार धरतात.
"गंगावेशीत म्हशीखाली बस, रोज बघायला मिळंल."
पहाडात लोणी आणि मीठ घालतात.
"ती कढी."
जपानात फुटका कप सोन्यानं सांधतात.
अण्णांची पक्कड थांबली.
"सोन्यानं?
इथं पातेल्याची कल्हई परवडंना म्हणत्यात लोक."

कोळसे घालून तिथंच पहिलं पाणी तापवलं.
डोक्यावर चिमुकली किटली, तिच्यात काळा अर्क,
अर्कावर तोटीचं पाणी.
दूध नाही.
उकळी नाही.
आजाऱ्याला देतात तसलं काहीतरी.
अण्णांनी दुकानातल्या बश्या पुसल्या,
गुळाचा खडा दाढेखाली धरला
आणि फुर्र केलं.
सन्मती बघतच राहिली.
"तिकडची म्हातारी माणसंपण अस्संच पितात, अण्णा!
बशीतनं. साखरेचा खडा दातात."
"मग," अण्णा म्हणाले, "एवढ्या लांब कशाला गेलीस?"
ती हसली नाही.
इथली परीक्षा दोनदा हुकलीय तिची.
दवाखान्याची पाटी अजून माझ्या डोक्यातच रंगवलेली आहे.

एक थेंब राहिलाच.
"तेवढा असू दे," अण्णांनी सांगितलं,
"अजून घासली तर तोटी जाईल."
साठ रुपये घेतले. बशीतल्या चहाचे नाही.

रात्री ओट्यावर टप्प.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप्प.
तिच्या खोलीत दिवा, पानं उलटल्याचा आवाज.
मी उठून तोटीखाली वाटी सरकवली.

पहाटे बघितलं तर वाटी काठोकाठ.
एवढ्या पाण्यात बरोबर एक कप बसतो.
पातेल्यातच ठेवला. आलं ठेचून,
दूध घालून, चांगला वर येऊ दिला.
खलबत्त्याचा आवाज आत गेला असणार.
"एवढ्या पहाटे कुणाला गं, आई?"

"तुला."