सोमवारी सव्वीस जानेवारी

विजेच्या बिलाच्या पाठीवर उपेंद्र रस्ता काढतोय.
पाच दहाला कर्वेनगर सोडायचं,
चाकण जागं व्हायच्या आत मागे टाकायचं,
नारायणगावला मिसळ,
मग संगमनेर, सिन्नर,
आणि दिंडोरीकडे आत,
जिथे तारांवर द्राक्षं ओळीनं टांगलेली
अन् मळ्याच्या मालकाकडे चाखायला सहा पेले.

मी विचारते, सहा पेल्यांनंतर गाडी कोण हाकणार?
पेन थांबतं.

आत्या मटार सोलतेय.
वय एकाहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त.
"चव घेऊन थुंकतात म्हणे तिथे?
थुंकायचे पैसे घेतात?"
एक दाणा तोंडात टाकते.
"मी येते. खिडकी माझी.
आणि मी थुंकणार नाही."

उपेंद्र निमूट लिहितो:
तिसरी उशी, बीपीच्या गोळ्या, स्वेटर,
एक रिकामी बरणी
(कशाला, ते आत्याच जाणे).

कॅलेंडरात मला दिसतं, सोमवारी ड्राय डे.
"बरं झालं," आत्या म्हणते,
"त्या दिवशी नुसती द्राक्षं खाऊ.
तीही कुणीतरी चाखायला हवीत."

झोपण्याआधी मी कागद उलटते.
बिल भरायची शेवटची तारीख
काल होती.