अर्धा युरो

पंचगंगेच्या घाटावर रंगराव विचारतो,
"काय बघितलंस रं, जर्मनीत?"
आणि माझ्या तोंडात पहिली येते
ती एक भिंत.

पोरानं पैसे भरलेली बोट, आठ दिवसांची.
सकाळी पडदा सारला की दारातलं गाव बदललेलं.
सातव्या दिवशी बव्हेरियातलं एक गाव लागलं.
नाव अजून जिभेला वळत नाही.
चिठ्ठीवर लिहिलं होतं: चारला परत, बोट थांबणार नाही.
हातात चार तास, आणि रविवार.
दुकानं बंद, खिडक्यांत लाल फुलं,
दगडी गल्लीत आमच्याच चपलांचा आवाज.
"गाव झोपलंय का उठून गेलंय?" हौसा म्हणाली.

मग तिला लघवीला लागली.
दाराशी एक यंत्र, त्याला अर्धा युरो हवा.
हिनं मनात हिशेब केला, दोनदा केला.
"पन्नास रुपये? मुतायला?"
आणि नाणं माझ्या खिशात परत टाकून
बोटीपर्यंत कळ काढायची ठरवली.
हे रंगरावला सांगितलं तर
तो पायरीवर आडवा होऊन हसला.

नदीकाठच्या बाकावर
पोराच्या घरनं बांधून आणलेली दशमी सोडली,
लसणाची चटणी, कागदावर तेलाचा डाग.
डॅन्यूब पुढून चालली होती,
रुंद, मातकट, कुणाशी न बोलता.
बत्तीस वर्षं मी राजाराम बंधाऱ्यावर
पाण्याचे फूट वाचले.
रात्री दोनला, पहाटे चारला, डोक्यावर इरलं,
बॅटरीच्या उजेडात पट्टीवर बोट ठेवून.
नदी दिसली की डोळा आपोआप पट्टी शोधतो.

पट्टी नव्हती.
मागच्या घराच्या भिंतीवर रेघा होत्या.
प्रत्येक रेघेपाशी एक साल.
गुडघ्याशी एक, छातीशी दोन,
आणि डोक्याच्या वर, हात उंचावूनही न पोचणारी:
दोन हजार तेरा.
रेघ सरळ होती. मापून मारलेली.
माझ्यासारख्याच कुणीतरी.

दार उघडून एक म्हातारा बाहेर आला.
तळहात त्यानं त्या रेघेखाली धरला,
मग वरच्या मजल्याकडे बोट केलं,
मग दोन बोटं: दोन दिवस.
मी चार बोटं केली.
गळ्याशी हात नेला, तिथून डोक्यावर,
आणि छातीवर थापटून म्हटलं, "कोल्हापूर."
त्याला काय कळलं देव जाणे.
त्यानं टोपी काढली.
हौसानं त्याच्या हातावर दशमी ठेवली.
चटणीनं त्याचे डोळे भरले,
तरी सगळी खाल्ली.
भोंगा झाला तेव्हा
आम्ही तिघं नदीकडेच बघत बसलो होतो.

रंगराव आता हसत नव्हता.
"आपल्याकडं पुसतात," एवढंच म्हणाला.
खरंच आहे ते.
पाणी उतरलं की कुंभार गल्लीत
पहिल्यांदा चिखल, मग फिनेल, मग रंगारी.
एकोणीसनंतर आम्ही पिस्ता रंग दिला,
एकवीसनंतर पुन्हा पिस्ता, दोन हात.
भिंत अशी की तिच्या अंगाला
कधी पाणी लागलंच नाही.

घाटावरून घरी आलो.
खिशात हात घातला तर तो अर्धा युरो.
सोफा सरकवला, गुडघे टेकले,
नाण्याच्या कडेनं खरवडायला लागलो.
पिस्ता, खाली पांढरा, खाली पुन्हा पिस्ता,
आणि मग ओल्या मातीचा तो करडा,
जो कुठल्याच रंगाच्या डब्यात मिळत नाही.
फरशीवर भुगा पडत होता.
वाटलं, ही आता ओरडणार.
नवा रंग तिनंच निवडलेला.

हौसा स्वयंपाकघराच्या दारात उभी.
हात पदराला पुसत किती वेळ बघत होती, ठाऊक नाही.
"तिथं कुठं शोधताय," म्हणाली,
"ती वर होती. कॅलेंडरच्या खिळ्यापाशी."

आणि स्टूल आणायला गेली.