पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे

सकाळचे साडेपाच.
मे महिन्यात मानेवाड्यात याच वेळेला
बॉनेटला हात लावता येतो.
नऊनंतर त्यावर पापड वाळवावेत.

पंधरा दिवस झाले, गाडी वळणावर कण्हते.
तुकडोजी पुतळ्याशी वळताना तर
बाजूच्या ऑटोवाल्यानं मान बाहेर काढली:
"मॅडम, डिक्कीत डुक्कर घेऊन चालल्या का?"
मेकॅनिकनं अठराशे सांगितले.
मी सक्करदऱ्याहून लाल तेलाचा डबा आणला
आणि म्हटलं, पाहू.

टाकीचं झाकण उघडलं.
आत तिसऱ्यांदा उकळलेल्या कोऱ्या चहासारखं काळं,
आणि जळक्या मिक्सरचा वास.
उपसायला काहीतरी हवं होतं.
कपाटात, बीपीच्या मशीनमागे, पन्नास एमएलची सिरिंज निघाली.
तिच्यासोबत तीन, अजून पाकिटात.
बाबांच्या नाकातल्या नळीतून दर दोन तासांनी
मुगाचं पाणी, गाळलेली कढी,
शेवटी शेवटी नुसतं नारळपाणी.
मी वापरलेलीच उचलली. का, ते विचारू नका.
ढकलायची सवय झालेल्या अंगठ्याला
मागे ओढायला
जरा वेळ लागला.

मग जॅक. मग विटा. पुढची दोन्ही चाकं अधांतरी.
परतीची नळी सोडवताना कोपरापर्यंत ओघळ आला.
"आई, आत बस गं.
तिकडे नाही. इकडे."

एकोणीस वर्षं ती डावीकडे बसली,
मांडीवर डबा, काचेत पदराचं टोक अडकवून
ऊन अडवत.
उजव्या दारातून शिरताना
आधी कुठला पाय टाकायचा, तेच तिला कळेना.

"फिरव. पूर्ण डावीकडे, अडेपर्यंत.
आता पूर्ण उजवीकडे."
"किती जड आहे हे, बाप्पा!"
"इंजिन बंद आहे म्हणून."
"मग काहून बंद?"
मी खाली पालथी, नळीचं तोंड
पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरून.
तिच्या प्रत्येक फेरीला एक काळी उचकी.
बांगड्या वाजत होत्या वर, चाकं हलत होती
माझ्या कानाशी.
म्हणजे हे हात तिकडून इकडे पोचतात, असं
पहिल्यांदाच वाटलं मला.

नंदनवार काका कंपाउंडवरून वाकले.
"फेकू नको बरं पोरी ते. आमच्या गेटच्या कब्ज्याईले होते."
घ्या म्हटलं. घ्या सगळंच.

नवं तेल ओतलं. लाल,
गोळेवाल्याच्या बाटलीतलं असतं तसं लाल.
नळी बसवली, क्लिप आवळली, किल्ली मीच फिरवली.
"आता परत. टोकाला धरून नको ठेवू,
टेकवायचं आणि सोडायचं, नाहीतर ओरडतं."
"माहीत आहे मला," आई म्हणाली.
तिला हे कुणी सांगितलं होतं, कोण जाणे.

पहिल्या फेरीत गाडी कण्हली.
दुसऱ्या फेरीत टाकीत फेस आला, मी चमचाभर भरलं.
चौथ्या की पाचव्या फेरीला
फक्त शेजारच्या कूलरचा आवाज उरला
आणि आई एका बोटानं,
खरंच एका बोटानं,
अख्खी गाडी इकडून तिकडे
वळवत होती जागच्या जागी.

"बस झालं, आई. बुडबुडे गेले."
ती फिरवतच राहिली.
ऊन जांभळीवरून उतरून बॉनेटवर आलं होतं,
माझ्या हाताला तेल, कपाळालाही असणार.
पाना शोधत होते मी, विटा काढायच्या होत्या.
आईनं सीट कशी पुढे घ्यायची ते विचारलं.
दाखवलं.
आरसा आपल्याकडे वळवून घेतला तिनं, कुंकू बघायला
असेल असं वाटलं; पण ती मागचा रस्ता बघत होती.
मग खाली वाकून,
साडी घोट्यापासून जरा वर घेत,

"यातला ब्रेक कोणता गं?"