वरचा दिवा

पहाटे पावणेचारला माझगावच्या नाक्यावर
माझ्याखेरीज कुणी थांबत नाही.
वरचा दिवा लागला की थांबायचं,
खालचा लागला की निघायचं.
मला रंग ठाऊक नाही, जागा ठाऊक आहे.

एकोणीस वर्षांचा होतो. बॅलार्ड पिअरच्या डॉक्टरनं
ठिपक्यांचं पुस्तक उघडलं : आकडा वाच.
मी म्हटलं, कुठला आकडा?
त्यानं पान उलटलं. आणखी एक उलटलं.
मग भराभर सगळीच,
पत्ते पिसावेत तशी.
जहाजाच्या उजवीकडे हिरवा, डावीकडे तांबडा,
काळोखात समोरून येणारं जहाज
एवढ्यावरूनच ओळखायचं असतं, तो म्हणाला.
शांतवन ओहोळ, तुला दोन्ही सारखेच दिसणार.

बाबा गोदीत वेल्डिंग करायचे.
माझा पांढरा गणवेश त्यांनी आधीच शिवून आणला होता
डोंगरीच्या उस्मान टेलरकडून, पितळी बटणं लावून,
शिलाई हप्त्यानं.
त्या रात्री जेवणाआधी नेहमीसारखे डोळे मिटले त्यांनी,
"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" इथवर आले
आणि खोकला लागला.
आमेन आईनं म्हटलं.
मी नाही.

पुष्कळ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही, प्रभू.
तू बोलत होतास की नाही, तेही सांगता येत नाही.
तुझा नकार कुठला, होकार कुठला,
रंगावरून मला कधी ओळखताच आला नाही.

बेहरामशेठच्या बेकरीत दोन महिन्यांसाठी म्हणून लागलो.
एकतीस वर्षं झाली.
ब्रून भाजला की तांबूस होतो म्हणतात.
होत असेल.
मी त्याला उलटा धरून बोटानं टकटक करतो.
पोकळ वाजला तर झाला,
जड वाजला तर पुन्हा आत.
पोरं हसायची. मग तीही वाजवायला लागली.
तो गणवेश भट्टीपुढेच विरला,
पीठ दिसत नसे त्याच्यावर.
बटणं आईनं काढून ठेवली होती,
दर नाताळाआधी चिंचेनं घासायची,
कशासाठी ते मी विचारलं नाही.

रोज एक टोपली भाऊच्या धक्क्यावर जाते,
तिथून लाँचनं
नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांवर.
हे मी फार ताणत नाही.
पाव म्हणजे काही मी नव्हे.

आता महापालिकेची नोटीस आलीय.
लाकडाची भट्टी बंद. सहा आठवड्यांची मुदत.
शेठचा मुलगा म्हणतो, गॅस परवडायचा नाही,
गाळाच विकून टाकू.
एस्तेरचं नर्सिंगचं दुसरं वर्ष.
फी भरली जाईल, मी तिला म्हटलं.
म्हटलं खरं,
कुठून, ते मलाच ठाऊक नव्हतं.
ती माझ्या हाताकडे बघत राहिली,
मी उगीचच टेबलावर टकटक करत होतो.

पाळकसाहेब म्हणाले, यातही त्याची योजना असेल.
मी मान हलवली.
योजना मला दिसत नाही, साहेब.
पण त्या पानावर आकडा होता,
एवढं मी आता मानतो.
डॉक्टरला दिसत होता. दारातल्या शिपायालाही.
मला नुसते ठिपके.

सायकलवरून एक पाय जमिनीला टेकवून
मी नाक्यावर उभा आहे.
टॅक्सीवाला मागून हॉर्न मारतो,
वेडा आहे का, म्हणतो, वळसा घालून निघून जातो.
गोदीच्या बाजूनं एक भोंगा, लांबलचक.
परातीत पीठ फुगून कडेपर्यंत आलं असेल,
आज उशीर होणार.

वरचा दिवा अजून तसाच आहे.
ठीक आहे.
मी थांबलोय.