दोन तऱ्हेचं बी

सकाळी दहाच्या आधी इथे काहीच नसतं.
कामिसक्रूनच्या उतारावर नुसत्या मिटलेल्या मुठी,
थंडीनं आवळलेल्या, जांभळट पाठीच्या.
काट्रिना क्लूटे शेळ्या वळवता वळवता म्हणते,
घाई कसली? दगड तापू दे.
मी दगडावर बसते, वही मांडीवर.

मग एकेक करून, कुरकुरत,
उघडतात.
केशरी. सगळ्यांची तोंडं उत्तरेला.
इथे सूर्य उत्तरेकडून जातो,
अजून अंगवळणी पडलेलं नाही मला.
दक्षिणेकडून चढून आलात
तर भेटतील फक्त पाठी.

लिहून घेते:
पानं कडेनं नागमोडी, लवदार,
चुरगळली की बोटांना उग्र वास.
देठ वीतभर. मूळ एकच, खडीत सरळ घुसलेलं.
आणि हे फूल म्हणजे एक फूल नव्हेच.
कडेची प्रत्येक पाकळी हेच एक आख्खं फूल,
बाईजातीचं, केसर नसलेलं.
मधल्या काळपट तबकात दाटीवाटीनं
बसलीत आणखी कितीतरी, मोहरीएवढी,
पाच पाच दात विचकून.
मोजताना दोनदा चुकले.

सप्टेंबर सरत आला की काही डोकी वाळतात.
मधल्यांचं बी चपटं, भोवती कागदी पंख,
फुंकर घातली तरी निघालं.
कडेच्यांचं बी काठीसारखं,
गाठीगाठींचं, खरबरीत.
ते उडत नाही.
पडतं आईच्याच पायाशी
आणि पाऊस आला तरी लगेच उठत नाही.

काट्रिना दोन्ही तळहातावर घेते.
पंखाच्या बीला म्हणते, हा फ्लोरिस.
भाऊ तिचा. आधी नबाबीपच्या तांब्याच्या खाणीत,
खाण बंद पडल्यावर पोर्ट नॉलथला, बोटींवर.
मग कुठे, ते सांगत नाही.
मी काठीच्या बीकडे बोट दाखवते. आणि हे?
ती म्हणते, शेळी तुझी वही खातेय.

खरंच खात होती. पानांचं वर्णन गेलं.

वही पुसता पुसता ती सांगते दुष्काळाचं.
तीन हिवाळे कोरडे. तिच्या अकरा शेळ्या उरल्या.
मार्चमध्ये, अवेळी, एकच सर आली,
पंखाचं बी तिला भुललं, उगवलं,
आठवड्यात करपलं.
चौथ्या वर्षी उतार पुन्हा केशरी झाला.
कुठून आलं एवढं, लोक विचारत होते.
तिनं विचारलं नाही.

चारला पुन्हा मुठी मिटतात.
दोन-चार भुंगे आतच राहतात, झोपतात पराग फासून.
मी पाकिटावर लिहिते: डायमॉर्फोथेका सिन्युआटा,
दोन नमुने.

रात्री बुटात काही टोचलं.
खडा समजून झाडला. खडा नव्हता.
दारात उभी राहून टाकलं ते बाहेर,
फार लांब नाही.