उरलेली चूक

साठ सालाच्या आसपासचं चित्र. करडं,
कडांना जरा वाकलेलं,
आभाळातून जाता जाता कुणी घाईत टिपलेलं.
त्याला अक्षांश ठाऊक नाही, रेखांश ठाऊक नाही.
उघडलं की थेट शून्य-शून्यावर जाऊन पडतं,
आफ्रिकेशेजारच्या समुद्रात,
गोदावरीसकट.

मला ते नाशकात आणायचं होतं.

काम तसं शिवणटिपणाचं :
या चित्रातली एक जागा, आजच्या नकाशातली तीच जागा,
दोन्हींतून एक टाचणी.
अट एवढीच, की मधल्या काळात
जागेनं जागा सोडलेली नसावी.

नदीला विचारण्यात अर्थ नव्हता.
दर पुरात तिची सही बदलते.
द्वारकेचा चौक पुलाच्या सावलीत गेला,
दुतोंड्या मारुती पुराचं पाणी छातीवर मोजतो खरा,
पण वरून पाहिला तर दीड पिक्सेल.
होळकर पुलाची दोन टोकं घेतली,
पांडवलेणीचा माथा,
ओढ्याच्या स्टेशनाअलीकडचं रुळांचं वळण,
अशीच आणखी दोन.
धात्रक खुर्ची ओढून मागे बसले होते,
भूमापनात पस्तीस वर्षं, साखळी ओढून खांदा उतरलेला.
म्हणाले, "ताई, विहीर घ्या.
विहीर कुठं जात नाही."

घेतली. मखमलाबादला, काकडांच्या मळ्यातली.
चित्रात टिकलीएवढं काळं तोंड.

सहा बिंदू शहाण्यासारखे बसले, चूक तीन मीटर, साडेतीन.
सातवा : एकतीस.
विहिरीतून एक लाल रेघ निघाली
आणि बोट दाखवावं तशी पूर्वेला थांबली.

हट्टी बिंदू पुसून टाकायचा, असा रिवाज आहे.
एक टिचकी, की सरासरी सुधारते,
साहेबांना सरासरीच दिसते.
"पुसा," धात्रक म्हणाले, "पण आधी बघून येऊ."

सगुणाबाई काकड बांधावर
छाटणीच्या काड्यांचा भारा आवळत होत्या.
"ती जुनी व्हय? ती तिकडं."
हात रस्त्यापलीकडे, लॉन्सच्या कमानीकडे.
"तिच्यावर आता स्टेज हाय.
नवरानवरी उभी ऱ्हात्यात फोटोला."
मग ही?
"ही पण थोरलीच.
तिला बुजवायच्या आधी तांब्याभर पाणी काढलं,
हिच्यात ओतलं.
मग दुसरं नाव कशापायी?"

धात्रकांचं पाऊल पाऊण मीटरचं, सरकारी.
या विहिरीच्या काठापासून मोजत निघाले,
रस्ता ओलांडून, कमानीतून,
खुर्च्या मांडणाऱ्या पोरांच्या मधून.
बेचाळिसाव्या पावलाला
त्यांनी चप्पल काढली
आणि स्टेजवर चढले.

चित्र खोटं बोललं नव्हतं.
आजच्या नकाशातल्या विहिरीवर मी
कालच्या विहिरीची टाचणी लावली होती.

संध्याकाळी स्टेजच्या मधोमध क्लिक केलं.
दोन पूर्णांक आठ.
समुद्रातून उठून चित्र हळूच येऊन बसलं,
पुलावर पूल, वळणावर वळण.
आजचा थर अर्धा पारदर्शक केला, तेव्हा
गालिच्याखालून ते काळं तोंड वर बघत होतं.

नावाच्या रकान्यात लिहिलं : थोरली.
सॉफ्टवेअर म्हणालं, हे नाव आधीच दिलेलं आहे.

मी धात्रकांकडे पाहिलं.
ते चष्मा पुसत होते.
"त्याला काय कळतंय," म्हणाले,
"पुढं एक टिंब द्या."